दहा मिनिटं जास्त

ठकीने संशोधन सोडलं त्याला मी कारणीभूत आहे, असं माझ्या ताईचं म्हणणं आहे. ताई म्हणजे ठकीची आई आणि माझी थोरली बहीण. तिच्या निकालावर अपील नसतं. माझं म्हणणं एवढंच, की मी फक्त शिंकलो.

झालं असं. घरी विसरलेला डबा पोचवायला ताईने मला ठकीच्या प्रयोगशाळेत धाडलं होतं. ठकीने मला एका उंच स्टुलावर बसवलं, "मामा, कशालाही हात लावायचा नाही," असं बजावलं आणि एका यंत्राच्या पाळीवरून कुणाशी तरी भांडायला ती बाहेर गेली. ती खोली म्हणजे बर्फाचा कारखाना. यंत्रांना उकडू नये म्हणून एसी लावलेला; माणसं गारठली तर त्यांनी स्वेटर आणावा. माझ्याकडे स्वेटर नव्हता. समोर मात्र एक बुटकं कपाट होतं आणि त्याच्या दारावर लाल आकडे चमकत होते, ३७ अंश. गारठलेल्या माणसाला याहून प्रेमळ आमंत्रण काय असणार? मी दार उघडलं आणि शेकोटीपुढे धरतात तसे दोन्ही हात आत धरले. आत गुलाबी पाण्याच्या चपट्या बशा रचून ठेवल्या होत्या. इतका सुंदर गुलाबी, की एकीचं झाकण जरासं उचलून मी वाकून पाहिलं, आणि तेवढ्यात मला शिंक आली. माझ्या शिंका कधी एकट्या येत नाहीत.

त्या बशांत ठकीच्या पेशी होत्या. कित्येक आठवडे तिने त्या वाढवल्या होत्या. पुढच्या आठवड्यात बशांमध्ये पेशी दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी हिरवट मखमल पसरली. बुरशी. एका बशीतून ती साऱ्या कपाटभर गेली होती.

मी मान खाली घालून बोलणी खायला गेलो. ठकी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. चष्मा काढून डोळे चोळत ती म्हणाली, "जाऊ दे रे मामा. तुझ्या शिंकेतून निदान काहीतरी उगवलं. माझ्या हातून इतकं जोमाने कधी उगवलं नव्हतं."

हे ती हसून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

ठकी हे अर्थातच तिचं खरं नाव नाही. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी गोल होती म्हणून पडलेलं नाव. आता ती छत्तिशीची आहे, डॉक्टरेट झालेली आहे, आणि गोल तिचा फक्त चष्मा राहिला आहे. पण घरात नावं अशी सहजासहजी निवृत्त होत नाहीत. बाहेर तिला डॉक्टर म्हणतात, त्याचा तिला जास्त ताप. शेजारचे आजोबा जिन्यात गाठून गुडघा पुढे करतात.

"आजोबा, मी ती डॉक्टर नाही हो. मी पेशींची डॉक्टर."

"मग गुडघ्यात पेशी नसतात का?"

ठकी गुडघा बघते आणि जिना कमी चढायला सांगते.

डॉक्टरेट झाल्यावर ती पोस्टडॉक झाली. पोस्टडॉक म्हणजे काय, हे मला तिने बऱ्याचदा समजावलं आणि माझ्या डोक्यात शेवटी एक चित्र बसलं. बस उभी आहे. इंजिन चालू आहे. उतारू खिडकीशी सामान मांडीवर घेऊन बसलेत. ड्रायव्हर "आलोच" म्हणून चहाला गेलाय. तर ठकी या बसमध्ये आठ वर्षं बसली होती. नेमणूक दर मार्चला एका वर्षाने वाढायची. कधी वाढायची, कधी वाढेल असं नुसतं वाटायचं.

ड्रायव्हर म्हणजे तिचे सर. सर वाईट नव्हते, हीच खरी पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. सर हुशार, प्रेमळ, विद्यार्थ्यांच्या वाढदिवसाला स्वतः केक आणणारे. फक्त त्यांच्या हातून काही संपत नसे. ठकीने निष्कर्ष दाखवला की त्यांचे डोळे लकाकायचे, "वा! छान! आता फक्त एक प्रयोग." तो झाला की त्यातून आणखी एक. ठकीचा लेख, म्हणजे ज्याच्यावर तिची कायमची नोकरी अवलंबून होती तो, इतकी वर्षं सरांच्या टेबलावर होता, की त्याच्यावर चहाच्या कपांची वर्तुळं पडून पुसट झाली होती. मध्ये कुठल्याशा परक्या प्रयोगशाळेने त्यातला निम्मा भाग छापूनही टाकला. सर म्हणाले, "बघ, म्हणजे आपण बरोबर दिशेने चाललो होतो." त्या दिवशी ठकीने घरी येऊन कपाटाचं दार असं लावलं, की ते अजून नीट लागत नाही.

आणि त्या प्रयोगशाळेत टाकून काही द्यायचं नाही, ही रीत. मुदत संपलेल्या बाटल्या "अजून चालतंय" म्हणून फळीवर. एका बाटलीवरची चिठ्ठी अशा विद्यार्थ्याच्या अक्षरात होती, जो आता स्वतः निवृत्तीला आला होता. पद्धत लिहिलेली असायची, पण ती मोडण्यासाठीच. याने थोडं मीठ वाढवून पाहिलं, तिने थोडा वेळ कमी करून पाहिला. बदलून पाहणं हाच तर धंदा. ठकीचा हात त्यात इतका तयार झाला होता, की द्रावण नुसतं उजेडाकडे धरून ती सांगायची, हे अजून व्हायचंय.

तर बुरशी झाल्याचं कळल्यावर सर म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा लाव. नाहीतरी मला त्यात आणखी एक प्रयोग हवाच होता."

ठकीने हातमोजे काढले, डब्यात टाकले, आणि त्याच दुपारी कंपन्यांच्या जाहिराती बघायला लागली. म्हणून ताई म्हणते, मी कारणीभूत.

आता मला वाटलं होतं, एवढी शिकलेली पोरगी, कंपन्या हार घेऊन उभ्या असतील. कंपन्यांनी तिचा अर्ज वाचलासुद्धा नाही. तो अकरा पानांचा होता. "एका पानात बसवा," असं एका कंपनीने कळवलं. मी वर्तमानपत्रांत अधूनमधून लिहितो, म्हणजे कापाकापीची सवय आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी दर ओळ कापायला गेलो की ठकी कळवळायची, "अरे, यात माझी दोन वर्षं गेली आहेत!" शेवटी एक पान उरलं. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "एवढंच केलं होय मी?" कापणाऱ्याने अशा वेळी बोलू नये.

मग फोन यायला लागले.

"मॅडम, इंडस्ट्रीचा अनुभव?"

"नाही. त्यासाठीच तर अर्ज केलाय."

"अनुभव असल्याशिवाय घेत नाही, मॅडम."

"आणि घेतल्याशिवाय अनुभव कुठून आणू?"

"ते आम्ही सांगू शकत नाही, मॅडम. टीममध्ये काम केलंय का?"

"अकरा जणांत एक यंत्र आहे आमच्याकडे. अजून एकमेकांचे गळे धरलेले नाहीत. याला टीम म्हणतात का?"

पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? ठकीला आजवर पुढच्या मार्चपलीकडचं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी साहेबांनी तिचं काम ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोप्या भाषेत सांगा. हे चालेल का?"

"अवलंबून आहे," ठकी म्हणाली.

"कशावर?"

ठकी उठून फळा शोधायला लागली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुलाखत तिथेच संपली, पण ठकीचं बोलणं आणखी बराच वेळ चाललं होतं म्हणतात.

"मग 'चालेल' म्हणायला काय झालं होतं तुला?" ताईने घरी विचारलं.

"चालेलच असं नाही ना पण, आई!"

"अगं, चालेलच असं जगात कशाचंच नसतं. तुझे बाबा मागणी घालायला आले तेव्हा मी फळा मागितला होता का?"

तिसऱ्या कंपनीत कामाला घेणाऱ्या बाई तिचं सगळं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही फार शंका घेता."

"हो," ठकी म्हणाली. आता लपवण्यासारखं उरलं नव्हतं.

"आम्हाला शंका घेणारं माणूस हवंय."

अशी ती लागली. सहा महिने परीक्षेचे, मग कायम. कंपनी मोठ्या रस्त्याला लागून, काचेची. आत रक्ततपासणीच्या किटमध्ये लागणारं एक प्रथिन तयार व्हायचं. पेशी वाढवायच्या, फोडायच्या, प्रथिन काढून घ्यायचं, गाळायचं, भरायचं. ठकीला ते झोपेत येत होतं. येत नव्हतं ते बाकीचं. आत जाताना बूट बदला, टोपी घाला, अंगरखा घाला. प्रत्येक पायरी कागदावर छापलेली. पायरी केली की सही. सही केली की शेजारच्याची साक्षीदार म्हणून सही. घर खरेदीला लागत नाहीत एवढ्या सह्या तिथे पाणी ओतायला लागतात. आणि कचऱ्याचे डबे! काल मुदत संपलेल्या, सीलसुद्धा न फोडलेल्या बाटल्या त्यात. पहिल्या आठवड्यात ठकी त्या डब्याशी, बुडत्या माणसाकडे बघावं तशी उभी राहायची. शेवटी एकीने कोपराने ढोसलं, "मॅडम, कचऱ्याकडे इतकं बघू नका. कॅमेरा आहे."

तरी तिचं बरं चाललं होतं. वेळेवर घरी यायची, कपाटं हळू लावायची. ताई खूश होती. आणि परीक्षेचा शेवटचा महिना चालू असताना ते दहा मिनिटांचं प्रकरण झालं.

कागदावर लिहिलं होतं, द्रावण बर्फात तीस मिनिटं ठेवा, मग गाळा. तीस मिनिटं झाली. ठकीने बाटली उजेडाकडे धरली. तळाला गाळ नीट बसला नव्हता. हे अजून व्हायचंय, हातच म्हणाला. साक्षीदार बाईंना तिने सांगितलं, तुम्ही चहा घेऊन या, मी आहे. आणि बाटली दहा मिनिटं जास्त ठेवली. मग गाळलं, तर पाण्यासारखं स्वच्छ. मोजून पाहिलं, तर त्या कंपनीत आजवर निघालं नव्हतं एवढं शुद्ध, आणि जास्तसुद्धा. ठकीने कागदावर प्रामाणिकपणे 'चाळीस मिनिटं' लिहिलं, समासात एक फुली मारली, आणि खाली बारीक अक्षरात असं का होत असावं त्याबद्दल आपला अंदाजही लिहून दिला. आठ वर्षांची सवय. मग कागद घेऊन ती क्वालिटीच्या बाईंकडे गेली. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेली.

क्वालिटीच्या बाई किडकिडीत, हळू आवाजाच्या, गळ्यात दोरीने पेन लटकवणाऱ्या. त्यांनी कागद वाचला. परत वाचला. मग चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"मॅडम, आजवरचं सगळ्यात चांगलं आलंय!"

"ते दिसतंय. म्हणूनच विचारतेय. ओतून टाकावं लागेल."

ठकीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "पण चांगलं आलंय!"

"वाईट आलं असतं तरी ओतलं असतं. वेगळं आलंय. का आलं, ते आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. कागदाला माहीत नाही. उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर हॉस्पिटलमध्ये किट वापरणाऱ्याने कुणाला विचारायचं?"

सगळी बॅच मोरीत गेली. ती ओतताना ठकीची सही, शेजारी साक्षीदाराची. वर चौकशीचा कागद. त्यावर 'मूळ कारण' असा रकाना आणि खूण करायला चार चौकोन : यंत्र, साहित्य, पद्धत, माणूस. ठकीने 'पद्धत'वर खूण केली आणि मागे चार पानं जोडली, आकृत्यांसकट.

बाईंनी ती परत केली. "पद्धत मंजूर झालेली आहे. ती चुकीची असू शकत नाही."

"पण आहे!"

"असेलही. पण ज्या दिवशी तुम्ही ती मोडलीत, त्या दिवशी ती मंजूर होती. 'माणूस'वर खूण करा. आणि एकच ओळ लिहा."

"एका ओळीत खरं मावत नाही, मॅडम."

"मग मावेल तेवढं खरं लिहा. शुक्रवारपर्यंत हा कागद बंद झाला पाहिजे. उघड्या कागदावर मी तुम्हाला कायम करू शकत नाही."

ताईचा मला फोन आला. "ये लवकर. तुझी भाची भांडी आपटतेय."

गेलो. ठकी खरोखरच भांडी घासत होती, म्हणजे पातेल्यावर सूड उगवत होती. "आठ वर्षं तिकडे ऐकून घेतलं, अजून चांगलं आण," ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आता आणलं, तर म्हणतात ओत! आणि वर लिहून दे, माझी चूक. काय चूक? डोळे उघडे ठेवले ही? मी नाही लिहून देणार. गेली नोकरी तर गेली."

"अगं, एक चौकोन तर आहे," मी म्हणालो.

तिने पातेलं माझ्या दिशेने फिरवलं. मी एक पाऊल मागे गेलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सर. आवाज इतका मोकळा, की फोन तिच्या कानाला असून मलाही ऐकू येत होता. सरांकडे आनंदाची बातमी होती. ठकीची जागा आणखी एक वर्ष वाढवून मिळत होती, ये परत. तो बुरशीचा प्रयोग दुसऱ्या एका मुलीने पुन्हा लावला होता, छान आला होता. लेख झालाच म्हणून समज. "आता फक्त एक प्रयोग."

ताईने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे. ठकी ओल्या हाताने फोन धरून उभी होती, आणि तिचा चेहरा सैल पडत चालला होता. तिथे कुणी सह्या मागत नव्हतं. तिथे तिचा हात म्हणाला तेच खरं होतं. ताईला काय वाटत होतं कोण जाणे, मी मात्र मनात तिचा स्वेटर शोधायला लागलो होतो.

मग ठकीने अचानक विचारलं, "सर, समजा पद्धतीत तीस मिनिटं लिहिलंय, आणि मी द्रावण दहा मिनिटं जास्त ठेवलं, तर?"

सर खळखळून हसले. "अगं, दहा काय, तासभर ठेव! दिवसभर ठेव! इथे कोण विचारतंय?"

"कळवते," एवढं म्हणून ठकीने फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. हातावरचा फेस तसाच होता.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं. खरं तर तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणाले, कोण विचारतंय." मग फेस पुसत ती पुन्हा म्हणाली, "खरंच, कोण विचारतंय?" आणि उरलेली भांडी तिने तशीच टाकून दिली. ती मी घासली.

शुक्रवारी तिने 'माणूस' या चौकोनावर खूण केली. पेन इतकं दाबून, की कागदाला भोक पडलं आणि तो नवा घेऊन पुन्हा भरावा लागला. मग क्वालिटीच्या बाईंसमोर बसून तिने विचारलं, आता ती पद्धत बदलायची कशी ते सांगा. बाईंनी खणातून एक जाडजूड गठ्ठा काढला. तीस मिनिटांच्या बॅचेस, चाळीस मिनिटांच्या बॅचेस, तुलना, तपासणी, पाच खात्यांच्या सह्या. वर्ष जाईल, बाई म्हणाल्या. सगळं सुरळीत झालं तर. मग हळूच म्हणाल्या, "ते द्रावण तुमच्या आधीही कुणी ना कुणी जास्त ठेवलं असेल. लिहिलं कुणीच नव्हतं."

हे कौतुक होतं का, हे ठकीने पुष्कळ तपासलं. नक्की काही सांगता येत नाही म्हणाली. अवलंबून आहे.

ती कायम झाली. सरांना तिने 'येत नाही' असं कळवलं. सर म्हणाले, जागा ठेवतो. पण कुणाला वाटेल की ठकी सुखी झाली, तर तसं नाही. पद्धत बदलण्याचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण तिने निळ्या शाईने भरला होता. दुसऱ्यांदा, कारण तारीख उलटी लिहिली होती. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मी ताईकडे चहाला बसलो होतो. ती आली, पिशवी खुर्चीवर फेकली, गठ्ठा टेबलावर आदळला. माझा चहा बशीत सांडला.

"आता काय?" मी विचारलं.

"सातव्या पानावर मी खाडाखोड केली आहे म्हणे. एका रेघेने खोडायचं आणि बाजूला सही करायची. मी दोन रेघांनी खोडलं." ती तिथेच बसली, काळं पेन काढलं आणि ते पान नव्याने उतरवायला लागली. जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरीसारखी. दर ओळीला एक सुस्कारा, दर दोन ओळींना एक शिवी, ताईला ऐकू जाणार नाही अशी.

मला ते बघवेना. एवढी बुद्धिमान पोरगी, अशी शिक्षा भोगत बसलेली. आणि नाही म्हटलं तरी मला माझी शिंक टोचत होती.

"ठके," मी म्हणालो, "अगं, दहा मिनिटांसाठी तू वर्षभर थांबणार?"

तिने मान वर केली नाही. "आणि आठ वर्षं कशासाठी थांबले होते, ते तू सांग!"